त्या दुपारी रेडिओ स्वच्छ होता

फोन नत्थूचा होता.

“हिमानीताई, लवकर या. सुशीलभाऊ मले पोलीस ठाण्यात नेऊन राहिले. म्हणते, बाबूजीची ही गत तुनंच केली.”

“झालं काय?”

“दुसरा झटका आला काल दुपारी. आता डावा हातही गेला. तुमी या अन् ते इंजिन खोलून पाहा. खोलीत जळका वास होता ताई, आईशप्पथ. माह्यावर कोनी भरोसा ठेवत नाही.”

हिमानीने स्कूटर काढली. फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाल्यावर ती टेबलावर मावणाऱ्या जुन्या छोट्या आगगाड्यांच्या मोटरी दुरुस्त करू लागली होती. नागपुरात हे काम करणारं दुसरं कोणी नव्हतं. असं काही काम असतं, हेही फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. धरमपेठेतले मनोहरराव तिचं पहिलं गिऱ्हाईक.

मनोहररावांनी आयुष्यभर रेल्वेचं इंजिन चालवलं. मग अर्धांगवायूने उजवी बाजू नेली, वाचाही नेली. उरला डावा हात. त्या हाताने बटण फिरवून ते माडीवरच्या टेबलावर एक जुनं विलायती इंजिन रुळांवरून गरगर फिरवत बसायचे. नत्थू त्यांची सेवा करायचा.

हिमानी पोचली तेव्हा नत्थू दाराशी उभा होता. बसायला कोणी सांगितलं नसावं. मनोहररावांच्या पत्नी कुसुमकाकू रेडिओजवळच्या खुर्चीत होत्या. त्यांचा मुलगा सुशील येरझाऱ्या घालत होता. पुण्याहून आला होता.

“इंजिन कशाला उघडायचं?” तो म्हणाला. “सगळं उघड आहे. माडीवर एकच सॉकेट. काल संध्याकाळी मी वर गेलो तेव्हा त्यात याच्या मोबाइलचा चार्जर होता. याने इंजिनाचा प्लग काढला, स्वतःचा मोबाइल लावला आणि इतवारीच्या बाजारात हिंडत बसला.”

“हिंडत काहून बसीन? औषध इकडं भेटलं नाही, म्हणून इतवारीत गेलो. तिथं जाम. चार्जर तं वापस आल्यावर लावला. अँबुलन्सले फोन करता करता मोबाइल बंद पडला.”

“पण प्लग काढल्याने मनोहररावांचं काय बिघडतं?” हिमानीने विचारलं.

उत्तर कुसुमकाकूंनी दिलं. “ह्यांना हाक कुठे मारता येते? इंजिन सुरू केलं की इथे माझ्या रेडिओत खरखर होते. खरखर झाली की मी वर जाते. तीच आमची हाक.”

“घंटी नव्हती?”

“आणली होती सुशीलने. ह्यांनी हात लावला नाही. म्हटलं जाऊ दे. इंजिन ड्रायव्हर माणूस, बायकोला घंटी वाजवून बोलावतो होय?”

“मला हे काल रात्री सांगितलं आईने,” सुशील चटकन म्हणाला.

“काल दुपारी रेडिओ चालू होता, काकू?”

“होता की. आकाशवाणी लावून भाजी निवडत होते. इतका स्वच्छ कधी लागला नव्हता. एकदाही खरखर नाही. मला वाटलं, झोपले असतील.”

“म्हणजे इंजिन चाललंच नाही,” सुशील म्हणाला. “आणखी काय हवं?”

“नत्थू, तुम्ही आलात तेव्हा इंजिन?”

“उभं होतं. अन् वास.”

हिमानी वर गेली. मागोमाग सगळे.

मनोहरराव हॉस्पिटलात होते; टेबलाजवळची खुर्ची रिकामी होती. वेगाचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं होतं. हिमानीने स्क्रू काढून इंजिनाचं झाकण उचललं आणि वास सगळ्यांनाच आला. मोटरीची तांबडी तार कोळशासारखी काळी पडली होती.

“प्लग काढलेली मोटर जळत नाही,” ती म्हणाली. “ही पूर्ण वेगाने फिरत राहिली. जळून बंद पडेपर्यंत. मनोहरराव बोलावत होते. नत्थूने प्लग काढलेला नव्हता.”

नत्थू भिंतीला टेकला.

कुसुमकाकू मात्र खालीच बसल्या. “मग मलाच ऐकू आलं नाही. डोळा लागला असेल माझा. ते बोलावत राहिले आणि मी...”

“आई, वय झालं आता. होतं असं,” सुशील म्हणाला. आवाज मऊ होता, नजर जमिनीवर.

हिमानी त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने मोटर उजेडात धरली. मोटरीला वीज पोचवणाऱ्या ब्रशांच्या बाजूला हरभऱ्याच्या डाळीएवढी एक तपकिरी चकती होती. नवीकोरी. सोल्डरचा डाक देऊन जोडलेली. तो डाक हिमानीच्या हातचा नव्हता.

“हे माझं काम नाही. इंजिन कोणी उघडलं होतं?”

“सुशील दिवाळीत पुण्याला घेऊन गेला होता. सर्व्हिसिंगला,” काकू म्हणाल्या. “काल सकाळीच त्याने रुळावर ठेवलं आणि कळमेश्वरला कारखान्यात कामाला गेला. इंजिन नव्हतं तोवर नत्थू ह्यांना सोडून कुठे हलला नाही.”

“काकू, खाली जाऊन रेडिओ लावा. मोठ्याने.”

हिमानीच्या पिशवीत त्याच जातीची जुनी मोटर होती. तिने ती इंजिनात बसवली, प्लग लावला आणि बटण फिरवलं.

खालून खरखर आली. गाणं त्यात बुडून गेलं.

मग जिन्यावर पावलं वाजली. काकू एका हाताने कठडा धरत, भराभरा वर येत होत्या. दारात आल्या, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि थबकल्या.

“सवयीने आले गं,” त्या म्हणाल्या.

हिमानीने जळक्या मोटरीवरची चकती सोडवली, फिरतं इंजिन रुळावरच धरलं आणि चकती चालत्या मोटरीच्या ब्रशांना टेकवली. चाकं जागच्या जागी फिरत राहिली. खालचं गाणं मात्र लख्ख ऐकू येऊ लागलं.

“ब्रशांपाशी बारीक ठिणग्या उडतात,” ती म्हणाली. “त्यांचीच ती खरखर. ही चकती म्हणजे कपॅसिटर. ठिणगीचा गोंगाट गिळून टाकतो. काकू, तुमचा डोळा लागला नव्हता. काल रेडिओ इतका स्वच्छ लागला, तो यामुळे. साध्या सर्व्हिसिंगमध्ये हे कोणी लावत नाही. रेडिओत खरखर येते, असं सांगावं लागतं.”

सगळे सुशीलकडे पाहू लागले.

“आईच म्हणाली होती फोनवर,” तो म्हणाला. “तुझ्या बाबांच्या इंजिनापायी रेडिओ ऐकू येत नाही, म्हणून. दर वेळी म्हणायची. मला वाटलं, तेवढं तरी करावं तिच्यासाठी.”

“तक्रार नव्हती रे ती,” काकू म्हणाल्या. “कौतुक होतं.”

“काल रात्री काकूंनी खरखरीचं सांगितलं, तेव्हाच तुम्हाला कळलं होतं,” हिमानी म्हणाली.

“हो.”

“तरी नत्थूचं नाव घेतलंत. ते टिकलं नाही, तर काकूंचं वय झालं म्हणालात.”

“कोणाचं तरी घ्यावंच लागलं असतं. माझं मला घेता येईना.” तो वडिलांच्या खुर्चीत बसायला गेला आणि तसाच परत उभा राहिला.

नत्थूने कोपऱ्यातली आपली थैली उचलली. “मी हॉस्पिटलात जातो. बाबूजीची कूस बदलाची येळ झाली. नर्सबाई जोरात ओढते.”

“नत्थू, माझं...” सुशीलने सुरुवात केली.

“राहू द्या भाऊ. मले सध्या ऐकाचं नाही.” तो जिना उतरून गेला.

काकूंनी हिमानीने टेबलावर ठेवलेली चकती उचलली, तळहातावर घेऊन पाहिली आणि हिमानीपुढे धरली. “हे तू घेऊन जा. आता नेहमी होईल ना खरखर?”

“होईल, काकू.”

बटण कोण फिरवणार, हे कोणी बोललं नाही. काकू खाली गेल्या. रेडिओत खरखर चालूच होती. हिमानीने इंजिन बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात जिन्याखालून त्यांचा आवाज आला.

“राहू दे थोडा वेळ. मी आहे इथे.”