पळपुट्या नावाड्याचा खटला

"मी चोर नाही," ग्रंथपाल बाई दारातूनच म्हणाल्या. "आणि हे आज पाचच्या आत सिद्ध झालं नाही, तर बावीस वर्षांची नोकरी गेली. बसायला सांगू नका. बसले तर रडेन, आणि मला रडायचं नाहीये. भांडायचंय."

वहिनींनी तरीही खुर्ची पुढे सरकवली. "बसून भांडा. आवाज जास्त लागतो."

वहिनींनी तीस वर्षं विमा कंपनीत खोटे दावे पकडले होते. निवृत्त झाल्यावर त्या घरातूनच तपासाची कामं घेत. गाव त्यांना पाठीमागे 'घार' म्हणायचं आणि समोर 'ताई'. त्यांचे धाकटे दीर भावजी आयुष्यभर ट्रक चालवून थकले होते. वाचायला ते चाळिशीत शिकले, आणि अजूनही ओळीखाली बोट ठेवूनच वाचत. वहिनींची गाडी चालवणं आणि वहिनींना कळलेलं अर्ध्या तासानं कळून घेणं, ही त्यांची दोन कामं.

"काय चोरीला गेलंय?" वहिनींनी विचारलं.

"पुस्तक. 'सातव्या बेटाचा नावाडी'. आमच्या वाचनालयातली सगळ्यात जुनी साहसकथा. राक्षस, जादूचा दिवा, बाल-राणी, सगळं आहे त्यात. गाव त्या पुस्तकावरून भांडतं. नावाडी राणीला गुहेत एकटी टाकून निघून जातो ना, तो भेकड की शूर? त्यावर आज सभा होती. सकाळी पुस्तक काढायला गेले, तर कापडी बासनात त्याच आकाराची जुनी टेलिफोन डिरेक्टरी! कपाटाची किल्ली एकच, ती माझ्याकडे. अध्यक्ष म्हणाले, पाचपर्यंत पुस्तक आणा, नाहीतर राजीनामा द्या."

"आठवड्यात बासन कुणाकुणाच्या हातात गेलं?"

"सोमवारी अध्यक्षांच्या, बुधवारी शिंप्याच्या. वाचनालयातच बसून वाचायचं असा नियम आहे. परत करताना मी फक्त बासन बघते. उघडून बघत नाही, ही माझी चूक. ती मी मान्य करते."

"पुस्तकाची अवस्था कशी होती?"

"चांगली. पंचवीस वर्षांपूर्वी खिळखिळं झालं होतं, तेव्हा बांधून आणलं. बांधणारा मेला कसाई होता. कडा इतक्या कापल्या की पानांचे आकडेसुद्धा गेले. मी खुणेला दोरा ठेवते. आणि नियम म्हणून बासनात मतांची वही असते. ज्यानं पुस्तक वाचलं, त्यानं मत लिहायचं. ती वही तेवढी चोरानं मागे सोडली." बाईंनी पिशवीतून जाड वही काढून टेबलावर आपटली.

वहिनींनी ती भावजींकडे सरकवली. "वाचा. सगळी."

"सगळी?" भावजींनी पानं चाळली. "यात संध्याकाळ होईल."

"दुपारपर्यंत करा."

शिंप्याचं दुकान वाचनालयासमोरच होतं. तो मशीनवर बाही जोडत होता. वर न बघताच तो गरजला, "मी नेलं म्हणता? मी? चार वेळा वाचलंय मी ते! चारही वेळा त्या नावाड्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली!"

"बुधवारी पाचव्यांदा वाचत होतात?"

"छे हो. नवीन आलेल्या त्या औषधवाल्या बाईनं मागच्या सभेत तोंड उघडलं, म्हणे नावाडी शूर. मला रात्रभर झोप नाही! बुधवारी बासन मागितलं, वरची वही काढली, चार ओळी खरमरीत लिहिल्या, परत बांधलं."

"पुस्तक उघडलं नाही?"

"शिव्या द्यायला पुस्तक कशाला उघडायचं?"

बाहेर आल्यावर भावजी म्हणाले, "हाच. एवढा संताप मनात ठेवून माणूस काहीही करेल."

"संताप बाहेर ओततोय तो, भावजी. मनात कुठे ठेवतोय?"

अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर होते. बैठकीच्या भिंतीवर सत्काराच्या चौकटी, आणि मधोमध काचेत त्यांचंच छोटं पुस्तक: 'पळपुटा नावाडी'. त्याच्या सहा आवृत्त्या निघालेल्या. जिल्ह्यातल्या शाळांत ते वाचून दाखवत असत.

"त्या बाईचा निष्काळजीपणा आहे, दुसरं काय," ते म्हणाले. "सोमवारी मी सहा वाजेपर्यंत वाचत बसलो होतो. तेव्हा पुस्तक होतं."

"घरी प्रत नाही का तुमच्याकडे?"

"मी या गावी आलो तेव्हा वाचनालयाची प्रत नुकतीच बांधून आली होती. आयुष्यात तीच एक वाचली. दुसरी हातातसुद्धा धरलेली नाही. सहा आवृत्त्या झाल्या माझ्या निबंधाच्या, त्या एका प्रतीच्या जोरावर."

"औषधवाल्या बाई म्हणतात, नावाडी शूर होता."

हेडमास्तरांनी चष्मा काढून टेबलावर टाकला. "कोण कुठली गोळ्या विकणारी, आणि मला शिकवणार? तिनं सभेत तोंड उघडलं तेव्हा मी सांगितलं, बाई, आधी पुस्तक वाचा! तर म्हणे, पुढच्या सभेत तुमचीच प्रत टेबलावर ठेवा, मी पानावर बोट ठेवून दाखवते. काय दाखवणार? एका पोरीनं वेणी कापून वल्ह्याला बांधली, म्हणून सोडून जाणारा माणूस शूर ठरतो? पळपुटा तो पळपुटाच!"

"बरोबर आहे," वहिनी शांतपणे म्हणाल्या आणि उठल्या. भावजींना वाटलं, एवढ्या लवकर? माणूस तर अजून तापतच होता.

औषधवाल्या बाई गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध देत होत्या. वहिनींचं काम कळताच त्यांनी गल्ल्याखालून मळकट पुठ्ठ्याचं पुस्तक काढलं.

"ही माझ्या वडिलांची प्रत. मी गावात आले त्याला वर्ष झालं. वाचणाऱ्यांचं मंडळ आहे म्हणून हौसेनं गेले, तर भर सभेत माझी शोभा केली. आधी पुस्तक वाचा म्हणे! मी सातवीत असल्यापासून वाचतेय ते."

"तुमचा मुद्दा काय होता?"

"राणीचा! गुहेत राणी त्याला शपथ घालते. जा, माझी माणसं आण, नाहीतर दोघं मरू. तो ऐकत नाही, तेव्हा ती आपली वेणी कापून वल्ह्याला बांधते. म्हणजे माणसांना पटावं की राणी जिवंत आहे. मी वाचताना रडले होते त्या जागी. यांच्या डोळ्यांना दिसत नाही का?"

"हे सभेत सांगितलंत?"

"बोलू कुठे दिलं? मग म्हटलं, आता नाहीच सांगायचं. कुणालाच नाही. शनिवारी त्यांच्याच प्रतीत दाखवायचं आणि मग त्यांची तोंडं बघायची. तर आज पुस्तकच गायब!"

वहिनींनी तिथूनच वाचनालयात फोन लावला. "बाई, एकच विचारते. राणी वेणी कापते तो भाग कसा आहे?"

पलीकडून ग्रंथपाल बाई चिडून म्हणाल्या, "कसली वेणी? त्या पुस्तकात वेणी नाही. बावीस वर्षं दर सुट्टीत मुलांना वाचून दाखवतेय. तोंडपाठ आहे मला."

गाडीत बसताच भावजी म्हणाले, "सापडली की! ग्रंथपाल बाईंनी पुस्तक वाचलेलंच नाही. तोंडपाठ म्हणे! एवढी मोठी गोष्ट ठाऊक नाही. खोटं बोलणारा माणूस एकदाच खोटं बोलत नाही, वहिनी."

"वहीत काय सापडलं?"

भावजी जरा हिरमुसले. "काय सापडणार? एकाहत्तर मतं आहेत. पहिली एकोणीस एकमेकांशी भांडतात. कुणी म्हणतो नावाडी देवमाणूस, कुणी म्हणतो मूर्ख. मग मध्ये शेरा आहे, पुस्तक बांधून आलं. पुढची बावन्न मात्र शहाणी. एका सुरात म्हणतात, भेकड. एकसुद्धा वेगळा बोलत नाही. मीच मोजलीत, बोट ठेवून."

वहिनींनी त्यांच्याकडे असं बघितलं की भावजींचा हात किल्लीवरच थांबला.

"भावजी, आपल्या घरात आमटीत मीठ किती, यावर चार माणसांचं एकमत होतं का?"

"कधीच नाही."

"मग बावन्न माणसांचं कसं झालं? चला. आणि औषधवाल्या बाईंना पुस्तकासकट गाडीत घ्या."

साडेचारला वाचनालयाच्या लांब टेबलाभोवती सगळे बसले. हेडमास्तरांनी कोरा कागद आणि पेन ग्रंथपाल बाईंच्या खुर्चीपुढे सरकवलं होतं, राजीनाम्यासाठी. ग्रंथपाल बाई उभ्याच होत्या. शिंपी मापाची टेप गळ्यात घेऊनच आला होता.

"बाई," वहिनी म्हणाल्या, "गुहेत शिरल्यानंतरचं म्हणून दाखवा."

ग्रंथपाल बाईंनी डोळेही मिटले नाहीत. "'बाहेर राक्षसाची पावलं घुमत होती. राणी दगडाला टेकली आणि नावाड्यानं दिवा विझवला.' इथे प्रकरण संपतं. पुढचं प्रकरण: 'राणीला जाग आली तेव्हा किनाऱ्यावर नाव नव्हती.'"

"तुमच्या प्रतीत?" वहिनींनी औषधवाल्या बाईंना विचारलं.

त्यांनी पानं उलटली आणि त्या थबकल्या. "दिवा विझवला... पण मग अख्खं एक प्रकरण आहे! शपथेचं! राणीला जाग येते ती त्याच्यानंतर."

"किती पानांचं?"

"सोळा."

"पुस्तक सोळा-सोळा पानांच्या गठ्ठ्यांनी बांधतात. त्याला फर्मा म्हणतात," वहिनी म्हणाल्या. "हे प्रकरण नेमकं एका फर्म्यात बसलंय. बांधणाऱ्यानं तो एक हरवला आणि कडा कापून पानांचे आकडेही घालवले. वाक्य तुटलं नाही, प्रकरणांना आकडे नव्हतेच, म्हणून कुणाला शंका आली नाही. राणी झोपली आणि नावाडी पळाला, एवढंच उरलं. पहिल्या एकोणीस जणांनी पुरतं पुस्तक वाचलं, म्हणून ते भांडले; त्यातलं आज गावात कुणी उरलेलं नाही. पुढच्या बावन्न जणांनी हे वाचलं, म्हणून त्यांचं जमलं. माणसांची मतं इतक्या शिस्तीत चालत नाहीत."

शिंपी उठून उभा राहिला. "म्हणजे मी वीस वर्षं..."

"बसा. तुमच्यासारखंच सगळ्यांनी केलं. पंचवीस वर्षं या गावात त्या पुस्तकावरून भांडणं झाली, पण भांडताना कुणी पुस्तक उघडलं नाही. पहिल्यांदा उघडून दाखवा म्हणणारी बाई बाहेरून आली. आणि तिनं तसं म्हटल्यावर आठवड्यातच पुस्तक गेलं."

वहिनींनी बोटांवर मोजायला सुरुवात केली.

"ग्रंथपाल बाईंनी चोरलं असतं, तर डिरेक्टरी ठेवून स्वतःच बोंब कशाला मारली असती? औषधवाल्या बाईंना तर ते टेबलावर हवंच होतं. शिंप्यानं बुधवारी फक्त वही काढली. तेव्हा आत डिरेक्टरी असती, तरी त्यांना कळलं नसतं. राहिला सोमवार."

"हा आरोप आहे!" हेडमास्तरांनी टेबलावर मूठ आपटली.

"हो. आरोपच आहे. तुम्ही म्हणालात, आयुष्यात हीच एक प्रत वाचली. मग वल्ह्याला बांधलेली वेणी कुठे वाचलीत? या प्रतीत ती नाही. औषधवाल्या बाईंनी कुणाला सांगितली नाही. आज सकाळी या गावात वेणी दोनच माणसांना माहीत होती, आणि त्यातलं एक तुम्ही."

हेडमास्तरांची मूठ टेबलावरच राहिली. भावजींना वाटलं, आता हा माणूस ओरडणार. पण आवाज आला तो बारीक.

"शेजारच्या गावच्या वाचनालयात गेलो होतो. नुसती खात्री करायला. मला वाटलं, बाई थापा मारतेय." त्यांनी चष्मा पुसला, परत पुसला. "सहा आवृत्त्या. शाळाशाळांतून मुलांना सांगितलं, की विश्वासघात कसा असतो ते या नावाड्यात बघा. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या असत्या तर... मला लोक हसले असते हो."

"हसले असते!" ग्रंथपाल बाईंचा आवाज फुटला. "तुम्हाला हसतील, म्हणून मी चोर? माझ्या म्हाताऱ्या आईला आज सकाळी शेजारणीनं विचारलं, लेकीनं काय पळवलं म्हणून! चूक बांधणाऱ्याची होती. तुमची नव्हती. नुसतं सांगितलं असतंत, तर गावानं कौतुक केलं असतं तुमचं. पण कोरा कागद माझ्यापुढे सरकवायला तुमचा हात कसा धजला?"

हेडमास्तरांनी पेनाला टोपण लावलं आणि ते खिशात टाकलं.

तेवढ्यात शिंप्यानं औषधवाल्या बाईंची प्रत ओढून घेतली होती आणि ओठ हलवत तो सोळा पानं वाचत होता. शेवटच्या पानाशी त्यानं पुस्तक मिटलं. डोळे लाल होते.

"तरी जायला नको होतं त्यानं," तो म्हणाला.

"शपथ घातली होती हो!" औषधवाल्या बाई उसळल्या.

"शपथ घातली म्हणून पोरीला राक्षसाजवळ ठेवून जायचं? मी नसतो गेलो!"

"तुम्ही गेला नसतात, तर दोघंही मेली असती!"

"अहो, पुढे तर वाचा," भावजींनी न राहवून मध्ये तोंड घातलं, आणि दोघंही त्यांच्यावर तुटून पडली.

वहिनींनी पर्स उचलली. ग्रंथपाल बाईंनी टेबलावरचा कोरा कागद उचलला, चार घड्या केल्या आणि केराच्या टोपलीत टाकला.

"पुस्तक जाळलंत?" त्यांनी विचारलं.

"जाळवलं नाही," हेडमास्तर म्हणाले. "घरी आहे. कपाटात."

"सहाला वाचनालय बंद होतं. त्याच्या आत ते या टेबलावर हवं. काय केलंत ते मतांच्या वहीत लिहायचं, खाली सही करायची. आणि उशिरा पुस्तक आणणाऱ्याचं नाव दाराजवळच्या फळ्यावर लिहितात, हा नियम तुम्हीच घातलाय."

"माझं नाव? फळ्यावर?"

"पाच दिवस उशीर झालाय तुम्हाला."

हेडमास्तर कुणाकडेही न बघता जिना उतरले. ग्रंथपाल बाई त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेल्या, फळा ओल्या फडक्यानं नीट पुसून घेतला, आणि खडूनं मोठ्या, स्वच्छ अक्षरांत लिहायला सुरुवात केली.