पाच वाजताची सूचना

ही गोष्ट खरी आहे.

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या मागे लागणार नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत हे घडलं, आणि तिला थापा मारता येत नाहीत. पत्ते खेळताना हातात चांगली पानं आली तरी तिच्या तोंडावर दिसतं.

आणि हो, रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती. मोठ्या सुट्टीतला तिसरा आठवडा, मंगळवार, संध्याकाळचे पाच. बाहेर लख्ख ऊन होतं.

मावशी एका विद्यापीठात नोकरीला होती. प्रशासकीय इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून एक लांबट खोली. दारावर पाटी, 'सूचना व कार्यक्रम'. विद्यापीठात जे काही होणार असेल ते आधी तिच्या टेबलावर यायचं. कुणाचं व्याख्यान, कुठली कार्यशाळा, अर्जाची शेवटची तारीख, अमुक दिवशी पाणी बंद. ती सगळं सुवाच्य लिहून काढायची, फलकाच्या काचेआड टाचण्यांनी लावायची आणि रोज संध्याकाळी पाचला माईकवरून वाचून दाखवायची. आवारात सोळा खांबांवर स्पीकर होते.

तिची एक पद्धत होती. बटण दाबलं की माईकवर हलकी फुंकर मारायची. मनात तीन आकडे मोजायची. आणि मग, "नमस्कार. आगामी कार्यक्रम आणि सूचना."

नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. कर्मचारी वसाहतीत दोन खोल्यांत ती एकटी राहायची. दिवसभर साऱ्या जगाला आमंत्रणं देणाऱ्या या बाईच्या घरी कुणी फिरकायचं नाही. आम्हीही नाही. कामं, परीक्षा, प्रवास… कारणं काय, हवी तेवढी मिळतात.

त्या सुट्टीत आवार अगदी ओस पडलं होतं. वसतिगृहांना कुलपं. उपाहारगृहाच्या खुर्च्या टेबलांवर उलट्या. पण रोजची सूचना चालू ठेवायची असा वरून आदेश होता. मावशी गेटवरच्या वॉचमनकाकांना म्हणायची, "दादा, मी आता कावळ्यांना वाचून दाखवते."

"कावळे तरी ऐकतात, ताई. पोरं कुठं ऐकतात?"

तर, तो मंगळवार.

मावशीनं सूचना वाचल्या. तीनच होत्या. सोमवारी अकरा वाजता सभागृह क्रमांक दोनमध्ये प्रवेशाची माहितीसभा. शनिवारी पाणी बंद. जिन्याला रंग दिलाय, कठड्याला हात लावू नये. माईक बंद केला. चष्मा काढला.

आणि इंटरकॉम वाजला…

सुट्टी लागल्यापासून तो एकदाही वाजला नव्हता.

"हॅलो, सूचना विभाग."

"सोमवारची सभा… किती वाजता म्हणालात?"

बाईचा आवाज. हळू, सभ्य. वाचनालयात बोलतात तसा.

"अकरा वाजता."

"कुणी येणार आहे का?"

मावशीला हसू आलं. "सुट्टी आहे हो. कोण येणार?"

"मग तुम्ही कुणाला सांगता?"

फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. फक्त… पलीकडे कुणी नव्हतं.

इंटरकॉमच्या छोट्या पडद्यावर आकडा होता, ३१७.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. पाच वाजून चार मिनिटांनी.

"आज काय विशेष?"

"काही नाही. कालचंच वाचलं."

"तरी छान वाचता तुम्ही. 'कृपया' हा शब्द नीट म्हणता. हल्ली कुणी म्हणत नाही."

आता खरं सांगते, यात घाबरण्यासारखं मावशीला काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं. असेल कुठल्या तरी विभागात, आपल्यासारखीच सुट्टीत अडकलेली. नाव विचारायचं राहून गेलं. मग ते विचारणं बरं दिसेना. आठवडाभरात ती पाच वाजायची वाट बघायला लागली. सूचना सावकाश वाचायला लागली. दोन असतील तर जुन्या चाळून तिसरी घालायला लागली.

एवढंच तिला खटकायचं, की त्या आवाजामागे काही ऐकू यायचं नाही. पंख्याची घरघर नाही. पाखरांचा कलकलाट नाही. श्वाससुद्धा नाही. वाक्य संपलं की नुसती पोकळी… आणि कधीतरी, खूप लांबून, पान उलटल्याचा आवाज.

मग एक दिवस मावशीला ताप आला. ती घरीच राहिली. कुणाला कळलं नाही, कारण कळवायचं कुणाला?

दुसऱ्या दिवशी फोन आला. "काल तुम्ही नव्हतात. मी वाट बघितली."

"ताप होता हो."

"घरी कुणी होतं?"

"नाही."

"हं… माझ्याही नव्हतं."

मावशीच्या हातावर काटा आला. का ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

भिंतीवर इंटरकॉमच्या नंबरांची यादी चिकटवलेली होती. तिनं बोट फिरवत शोधलं. ३१६, परीक्षा विभाग. ३१८, भांडारगृह. मधल्या ओळीवर पेनानं काट मारली होती.

संध्याकाळी गेटवर तिनं विचारलं, "दादा, तीनशे सतरा कुणाचा हो?"

वॉचमनकाका चहा ओतत होते. त्यांचा हात थांबला.

"ग्रंथालयाचा. वरच्या मजल्यावर जुना मासिक विभाग होता ना, तिथला. पण ती लाईन तोडून चार वर्षं झाली, ताई. तिथं आता टेबलसुद्धा नाही."

"आणि तिथं कोण बसायचं?"

"मासिकवाल्या बाई. तुम्ही पाहिलं असेल. बारीक चणीच्या, कायम राखाडी स्वेटर." त्यांनी आवाज खाली आणला. "अशाच सुट्टीत गेल्या. वसाहतीत, तुमच्या मागच्याच इमारतीत. अकरा दिवस कुणाला पत्ता नव्हता. माझ्या पोरीला जुनी चित्रांची मासिकं द्यायच्या हो. मला वाटलं, गेल्या असतील कुणाकडे. त्यांना कुणी नव्हतंच, हे मला कुठं माहीत?"

मावशीनं हातातला कप खाली ठेवला.

तिला आठवलं होतं.

चार वर्षांपूर्वी ग्रंथालयातून एक चिठ्ठी आली होती. दोन ओळींची. अमुक बाईंचं दुःखद निधन झालं, शुक्रवारी चार वाजता वाचनकक्षात शोकसभा. पण त्या आठवड्यात प्रवेशाची धामधूम होती, वरच्या साहेबांचा मोठा कार्यक्रम होता. फलकावर जागा उरली नाही. पुढच्या आठवड्यात घेऊ, म्हणून मावशीनं चिठ्ठी बाजूला ठेवली.

पुढच्या आठवड्यात ती विसरली.

ती शोकसभा झालीच नाही. ग्रंथालयातल्यांना वाटलं, सूचना लागली नाही म्हणजे रद्द झाली असेल. आणि पुन्हा विचारायला त्या बाईंचं होतं कोण?

दुसऱ्या दिवशी मावशीनं कपाटातले सगळे गठ्ठे उपसले. दुपारी तीन वाजता चिठ्ठी सापडली. टाचणीचा गंज कागदात उतरला होता.

परवानगी घ्यायला साहेब जागेवर नव्हते. तिनं घेतलीही नसती. पाच वाजता माईकवर फुंकर मारली, तीन आकडे मोजले आणि त्या रिकाम्या आवाराला सांगितलं, की येत्या शुक्रवारी चार वाजता ग्रंथालयाच्या वाचनकक्षात शोकसभा आहे. नाव पूर्ण वाचलं. मी ते इथे लिहीत नाही. शेवटी म्हणाली, "कृपया उपस्थित राहावे."

पाच वाजून चार मिनिटं झाली. पाच वाजून दहा.

फोन आला नाही.

गुरुवारीही नाही.

शुक्रवारी मावशी, वॉचमनकाका आणि आवार झाडणाऱ्या बाई, अशी तिघं जमली. काकांनी वाचनकक्ष उघडला. धुळीचा वास आला. मावशीनं तरी दहा खुर्च्या मांडल्या. तीनच मांडणं तिला बरं वाटेना.

बोलायचं काय? तिघांपैकी दोघी त्या बाईंशी कधी एक शब्दही बोललेल्या नव्हत्या. शेवटी काकाच उभे राहिले. मासिकांचं सांगितलं. एकदा त्यांचा डबा विसरला होता, तेव्हा बाईंनी आपला अर्धा दिला आणि वर, "मला भूकच नाही" असं खोटं सांगितलं, तेही सांगितलं. झाडणाऱ्या बाई पदरानं डोळे पुसायला लागल्या. न पाहिलेल्या माणसासाठी.

मग मावशी म्हणाली, "चूक माझी आहे. तुमची चिठ्ठी माझ्याकडे राहिली."

दोन मिनिटं शांत उभं राहायचं ठरलं. तिघांनी डोळे मिटले.

आणि मागच्या रांगेतली एक खुर्ची करकरली…

बसल्यावर करकरते तशी.

कुणी डोळे उघडले नाहीत. नंतर कुणी त्याबद्दल बोललंही नाही.

पाच वाजता मावशी खोलीत परत आली. त्या दिवशी वाचायला एकच सूचना होती. वाचली. माईक बंद केला. पाच वाजून चार मिनिटांनी इंटरकॉम वाजला.

पडद्यावर ३१७.

तिनं उचलला.

"तिघं आलात," आवाज म्हणाला.

"हो… तिघंच."

"पुष्कळ झाले."

मावशीला रडू फुटलं. ती माफी मागायला लागली. पलीकडून कुणी अडवलं नाही, की 'असू दे' म्हटलं नाही. ऐकून घेतलं सगळं. मग त्याच सभ्य, हळू आवाजात…

"आणि तुमच्या वेळी कोण सांगणार?"

"तुम्हालाही कुणी नाही ना."

खिडकीबाहेर ऊन होतं. पंखा फिरत होता.

"काळजी करू नका. मी सांगेन."

आणि पोकळी.

मावशीनं ॲम्प्लिफायर बंद केला. प्लग उपसून काढला. तांबडा दिवा विझलेला दोनदा पाहिला. खोलीला कुलूप घातलं आणि जिना उतरली. मधल्या मैदानातून ती गेटकडे निघाली होती. अर्ध्या वाटेत पोचली असेल.

स्पीकरमधून फुंकर ऐकू आली.

सोळाही खांबांवरून… एकदम.

मावशी जागच्या जागी थिजली. एक. दोन. तीन. ती नकळत मोजत होती.

"नमस्कार. आगामी कार्यक्रम आणि सूचना."

मग मावशीचं नाव. पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट, हुद्द्यासकट. "…यांच्या निधनानिमित्त…"

तिनं दोन्ही कान गच्च दाबले आणि पळत सुटली. पंचावन्न वर्षांची बाई, पायातली चप्पल मैदानात टाकून. गेटपाशी येऊन हात खाली घेतले, तेव्हा सगळं शांत होतं.

वॉचमनकाका उभे होते. मान वर, नजर स्पीकरवर.

"काय म्हणाली?" मावशीनं विचारलं.

काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"काही नाही, ताई. खरखर होती नुसती."

मग त्यांनी आपली खुर्ची पुढे केली, तिला बसवलं, मैदानात जाऊन तिच्या चपला आणल्या आणि स्वतःच्या हातानं तिच्या पायांपाशी ठेवल्या. इतक्या वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

मावशीनं महिन्याभरात नोकरी सोडली. माझ्या आईनं तिला आमच्याकडे आणलं. आणायला इतका उशीर केला, याची आम्हाला आजही लाज वाटते. त्या गोष्टीला आता सात वर्षं होतील. मावशी बरी आहे. कोडी सोडवते, पत्त्यांत हरते, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते. ही हकीकत तिनं दोनदाच सांगितली. दोन्ही वेळा शेवटी एकच वाक्य, "दादा म्हणाले, खरखर होती."

वॉचमनकाका निवृत्त होऊन गावी गेले. वर्षातून एकदा त्यांचा फोन येतो. मावशीची चौकशी करतात. तिच्याशी दोन शब्द बोलतात. "सहज केला होता," म्हणून ठेवून देतात.

तिसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं, की फोन दरवेळी एकाच तारखेला येतो.

गेल्या वर्षी मी फोन घेऊन गच्चीवर गेले. दार लावून घेतलं.

"काका, तुम्ही त्या दिवशी ऐकलंत ना?"

"ऐकलं, पोरी."

"वर्ष कुठलं होतं?"

"सूचनेत वर्ष कुठं सांगतात? तारीख सांगितली, मी फोन करतो तीच. वेळ सांगितली, संध्याकाळी पाच. आणि वार. गुरुवार."

मी आत येऊन मोबाईलमध्ये कॅलेंडर काढलं आणि एकेक वर्ष मागे गेले. त्या दिवसानंतर ती तारीख एकदाही गुरुवारी आलेली नव्हती.

मग एक वर्ष पुढे गेले.

यंदा येते. पुढच्या आठवड्यात.

मी रजा टाकली आहे. आईनंही टाकली आहे. भाऊ बुधवारी रात्रीच येतोय, मामेबहिणी सकाळी येतील. इतकी माणसं का जमणार, हे मावशीला कुणी सांगितलेलं नाही.

काल तिनं मला विचारलं, "गुरुवारी काय आहे गं?"

मी म्हटलं, "काही नाही. सहज."

तिनं हातातलं कोडं बाजूला ठेवलं.

मग म्हणाली, "किती जण येणार आहेत?"