प्लेटमागचा माणूस

सकाळी उपमास्तरांनी खेळाच्या साहित्याच्या खोलीची कडी काढली आणि ते तिथंच खिळले. आत बाकाशेजारी मास्तर पालथे पडले होते. डोकं लोखंडी मांडणीच्या कोपऱ्यापाशी होतं आणि त्याखालचं रक्त वाळून गेलं होतं.

मास्तर म्हणजे बेसबॉलच्या अंपायरांना घडवणाऱ्या या शाळेचे मुख्य शिक्षक. निम्म्या हयातीत हजारो चेंडू त्यांच्या मास्कवर आदळले, पण माणसाला कधी खरचटलं नव्हतं. आणि मरण आलं ते शाळेच्याच खोलीत, मांडणीच्या कोपऱ्यावर.

इन्स्पेक्टर आला. खात्यात त्याला पाठीमागे घुबड म्हणत, कारण तो तासन् तास गप्प बसून बघत राही. हे नाव त्याला ठाऊक होतं आणि मनातून ते आवडतही होतं. त्यानं खोलीत नजर फिरवली. मास्तरांच्या अंगावर साधे कपडे होते. त्यांचा मास्क, चेस्ट प्रोटेक्टर आणि ढगळ काळं जाकीट खुंटीवर होतं. खाली पोलादी टोकाचे बूट जोडीनं ठेवलेले. घुबडानं वाकून पाहिलं, तर बुटांत त्याचा स्वतःचाच चेहरा दिसला. इतकी चकाकी होती.

"अपघात," हवालदार म्हणाला. "पाय घसरला असणार."

"असेल," घुबड म्हणाला.

मृत्यू कधी झाला? डॉक्टर छातीठोक सांगेनात. दिवसभर तापलेली पत्र्याची खोली, अंदाज कुठल्या कुठे जातो, म्हणाले. पण वेळ सांगणारी एक साक्षीदार होती. मास्तरांची मुलगी, चिंगी.

चिंगी त्याच शाळेत शिकत होती. बापलेक मैदानामागच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहत. त्यांच्या गॅलरीतून खाली थेट होम प्लेट दिसे, म्हणजे ती पांढरी पाटी, जिच्यामागे आधी चेंडू झेलणारा कॅचर बसतो आणि त्याच्यामागे अंपायर उभा राहतो. सगळे गेल्यावर मास्तर रोज एकटेच पूर्ण वेष चढवून प्लेटमागे उभे राहत. समोर ना पिचर, ना बॅटर. तरी वाकायचे, न आलेला चेंडू पाहायचे, निकाल द्यायचे.

"शेवटचं कधी पाहिलंस त्यांना?"

"सूर्य बुडाल्यावर. ते प्लेटमागे होते."

"चेहरा दिसला?"

"गॅलरी मागच्या बाजूला आहे. रोज पाठच दिसते."

"मग?"

"मग त्यांनी मास्क काढला आणि हात वर केला. रोज करतात. म्हणजे, झालं माझं, चहा टाक. मी पण रोज हात करते. त्या दिवशी नाही केला. चहाही नाही टाकला. आत जाऊन दार लावून झोपून टाकलं. सकाळी ओरडा ऐकू आला तेव्हाच उठले."

"का?"

"भांडण झालं होतं. दुपारी माझी परीक्षा होती, प्लेटमागची. शेवटचा नंबर माझा. चांगली चालली होती. एक चेंडू मास्कवर बसला, मी हललेसुद्धा नाही. तर पप्पा आले, मास्क हातात घेतला आणि म्हणाले, उतर. सगळ्यांसमोर. मी विचारलं, काय चुकलं? उत्तर नाही. माझा मास्क घेऊन चालते झाले. मी मागून ओरडले, तुम्हाला मी नकोच आहे तिथं!"

घुबडानं वही मिटली.

"मी खाली गेले असते तर ते वाचले असते ना?" तिनं विचारलं.

मास्तर अंधार पडताना जिवंत होते, तर मरण त्यानंतरचं. आणि त्यानंतर त्या आवारात होते कोण? शाळेचे मॅनेजर तर दिवेलागणीलाच शहरात शाळेच्या समारंभाला गेले होते आणि उशिरापर्यंत शंभर माणसांत हार-तुरे वाटत होते. इथं राहिले ते फक्त उपमास्तर.

"खोलीला कडी तुम्ही घातलीत?"

"हो. अंधार पडल्यावर."

"आत डोकावला नाहीत?"

"दिवा नव्हता. वाटलं, मास्तर वर गेले." उपमास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "साहेब, आमचं पटत नव्हतं हे खरं आहे. पण मी असं करीन?"

असं कोणीच करत नसतं. तरी खून होतात.

आठवडा उलटला. कागदोपत्री अपघात, कुजबुजीत उपमास्तर. आणि मैदानावर तिसरंच काही. संध्याकाळ झाली की तिकडे चिटपाखरू फिरकेना. कुणी म्हणे प्लेटमागून हुंकार ऐकू येतो, कुणी म्हणे तिथली माती आपोआप दबते. धटिंगण पोरांची पाचावर धारण बसली. चिंगी मात्र रोज गॅलरीत बसे.

"ते येतात," तिनं घुबडाला सांगितलं, अगदी साध्या आवाजात. "तसेच पाठमोरे. हात वर करतात. मी आता रोज हात करते. पण ते वळून बघतच नाहीत."

भुतावर घुबडाचा विश्वास नव्हता, पण त्या पोरीच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवर होता. असंच चाललं तर ही मुलगी बापाच्या मागोमाग जाईल, हे त्याला लख्ख दिसलं.

दुसऱ्या दिवशी तो सकाळपासून शाळेत येऊन बसला.

मैदानावर उपमास्तर नव्या मुलांना शिकवत होते. "मास्क डाव्या हातानं काढायचा! उजवा हात निकालाचा, तो मोकळा पाहिजे. झोपेतसुद्धा डावा!" एकानं उजव्यानं काढला, त्याला मैदानाला फेरी मारायला लावली. "आणि निकाल दिला की कारण सांगायचं नाही. कारण सांगत बसणारा अंपायर वाद विकत घेतो. मास्तरांचं वाक्य आहे हे."

माळीकाका नळी गुंडाळत होते. घुबड त्यांच्याजवळ गेला.

"पाणी कधी मारता?"

"रोज, ऊन उतरलं की. प्लेटभोवतीची माती लाल, चिकट. नंतर गेलात तर बुटाला ढेकूळ लागलंच म्हणून समजा."

"त्या दिवशी मारलं होतं?"

"मारलं तर. एक दिवस चुकवला नाही."

मॅनेजर व्हरांड्यात भेटले. उंचेपुरे, तोंडावर साखर. खुर्ची एकच होती, ती त्यांनी घुबडाला दिली आणि स्वतः समोर उकिडवे बसले, या वयात, अगदी आरामात. बोलताना उजव्या हाताची बोटं हलत होती. त्यांची पेरं सुजल्यासारखी, दोन बोटं तर चक्क वाकडी.

"खेळायचात पूर्वी?"

"लहानपणी कोण नाही खेळलं?" मॅनेजर हसले. ताकास तूर लागू दिली नाही.

"मुलांचे मास्क दिसत नाहीत खोलीत."

"नवे होते, यंदाच मी आणवले. दुरुस्तीला टाकलेत. मास्तर गेले त्याच दिवशी."

"त्याच दिवशी?"

"काम थांबवून कसं चालेल, साहेब?"

दुपारी घुबडानं हवालदाराला शहरात पिटाळलं आणि स्वतः चिंगीच्या गॅलरीत गेला. खाली रिकामी प्लेट होती. उजवीकडे पाण्याची टाकी, डावीकडे जुनं झाड. वारा पडला होता. तरी क्षणभर त्याला वाटलं, कुणीतरी खाली वाकून उभं आहे.

"त्या संध्याकाळी जसं दिसलं तसं सांग. मास्क काढून कुठं धरला होता?"

चिंगीनं डोळे मिटले. "टाकीच्या बाजूला. लोंबत होता. आणि हात वर केला तो झाडाच्या बाजूचा."

"नक्की?"

"ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून जातच नाही, साहेब. नक्की."

संध्याकाळी घुबडानं सगळ्यांना प्लेटपाशी बोलावलं. हवालदार एक पिशवी घेऊन परतला होता.

"मास्तरांच्या मास्कचा पट्टा कुणीतरी सैल केलाय," घुबड म्हणाला. "कुणाच्या डोक्याला बसतो ते पाहू. उपमास्तर, तुम्ही आधी."

उपमास्तरांनी मास्क चढवला. घुबडानं खिशातून चेंडू काढून अचानक उंच फेकला आणि ओरडला, "वर!"

उपमास्तरांचा डावा हात उठला, मास्क सुटला, ते वर पाहत बाजूला झाले. चेंडू मातीत पडला.

"आता मॅनेजरसाहेब."

"हा काय पोरखेळ?"

"चढवा तर खरं."

मॅनेजरनी मास्क घातला. पट्टा चपखल बसला. घुबडानं चेंडू आधीपेक्षाही उंच उडवला. "वर!"

मॅनेजरचा उजवा हात विजेसारखा वर गेला. मास्क ओरबाडून निघाला. दोन पावलं मागे सरत ते बरोबर चेंडूखाली आले आणि तो डाव्या हातात अलगद झेलला. मग स्वतःच्याच हाताकडे पाहत राहिले.

"जित्याची खोड," घुबड म्हणाला. "मॅनेजरसाहेब, तुम्ही लहानपणीच नाही, चांगलं मोठेपणीही खेळलात. कॅचर होतात."

घुबड सांगू लागला.

"आधी बूट. मास्तर संध्याकाळी इथं उभे होते म्हणे, पाणी मारलेल्या चिकट मातीत. मग त्यांचे बूट आरशासारखे कसे? कारण त्या संध्याकाळी ते बूट खोलीबाहेर पडलेच नाहीत. जो इथं उभा होता त्याच्या पायात ते बसले नसते. तो स्वतःच्या बुटांत आला. म्हणजे तो मास्तर नव्हता.

"मग कोण? मास्क, प्रोटेक्टर, ते ढगळ जाकीट, सांजवेळ, पाठमोरा. कुणीही चाललं असतं. पण त्यानं मास्क काढून टाकीच्या बाजूला धरला आणि झाडाच्या बाजूचा हात वर केला. वर जाऊन पाहा, टाकी उजवीकडे आहे. उजव्या हातात मास्क! मास्तर झोपेतही असं करणार नाहीत. इथं शिकलेला कुणीच करणार नाही. उपमास्तर तर नाहीच. उजव्यानं मास्क काढतो तो कॅचर, कारण त्याच्या डाव्या हातात हातमोजा असतो. आणि उजवा उघडा असतो म्हणून त्याचीच बोटं मोडतात. चेंडू बसून बसून."

मॅनेजरनी हात खिशात घातला.

"आता सोंग कशासाठी? मास्तर संध्याकाळी जिवंत दिसावेत म्हणून. ते दुपारीच गेले होते, आणि दुपारी तुम्ही इथं होतात. समारंभ तुमच्या कामी आला. कारण मात्र या पिशवीत आहे." हवालदारानं मास्क बाहेर काढला. आतल्या पट्टीवर चिंगीचं नाव होतं. घुबडानं बोटानं दाबताच समोरची सळई जोडापासून निखळली. "तुम्ही आणवलेले मास्क. सगळ्यांचे जोड कच्चे. चेंडू बसला, तडा गेला, आणि मास्तरांनी तो पाहिला. शहरात वेल्डरकडे रांग होती म्हणून हा वाचला, नाहीतर उद्या तडाच राहिला नसता."

"मला मारायचं नव्हतं," मॅनेजर एकदम म्हणाले. साखर विरघळून गेली होती. "मी हातापाया पडलो. गुपचूप बदलून देतो म्हटलं. ऐकेनात. मास्क घेऊन निघाले, मी धरायला गेलो, ढकललं गेलं."

"आणि डॉक्टरला हाक न मारता त्यांचा वेष चढवलात. त्यांच्या मुलीला हात करून दाखवलात."

मॅनेजर खाली बघत राहिले.

"काय म्हणाले मास्तर निघताना?"

मॅनेजर पुटपुटले, "म्हणाले, अजून एक चेंडू बसला असता तर माझ्या पोरीचा डोळा गेला असता. मी हे झाकू?"

हवालदारानं त्यांना नेलं. बाकीचेही एकेक करून पांगले.

चिंगी प्लेटपाशी उभीच होती. "म्हणजे मी हात केला नाही, ते..."

"तो तुझा बाप नव्हता. त्यांना मारणारा होता. आणि तू खाली आली असतीस तरी ते वाचले नसते, ते आधीच गेले होते."

ती मटकन मातीत बसली. आठवडाभर कोरडे असलेले डोळे भरून वाहू लागले. घुबड तिच्याशेजारी बसला. समजूत घालणं त्याला कधी जमलं नव्हतं, म्हणून तो नुसता बसला.

"नापास नव्हतं केलं मला," ती रडता रडता म्हणाली. "डोळा वाचवत होते. मग तिथंच सांगायचं ना, मास्क तुटलाय म्हणून! चार शब्द. मी कोण होते त्यांची, समोरची टीम?"

घुबडाला शहरात राहणारी स्वतःची मुलगी आठवली, जिच्याशी तोही मोजकंच बोलायचा.

"चल, घरी सोडतो," तो म्हणाला.

"चहा टाकते," ती डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही घ्या. आणि साहेब, बसाल थोडा वेळ? बोलत?"