दोन पंप आणि नवरीची आत्या

“समुद्रावर एका दोरीला दोन ओझी टांगू नका रे!” जाळं विणता विणता वडील सांगायचे. माकाने ते लहानपणापासून हजारदा ऐकलं होतं, आणि एका शनिवारी तो ते सोयीस्करपणे विसरला.

त्या शनिवारची मोहीम साधी नव्हती. थोरला भाऊ कितिओने याच्या लेकीचं, सेलूचं, दुपारी पांगाईला लग्न. आणि नवरीची आत्या, म्हणजे या दोघांची थोरली बहीण, हाफेवा बेटावर! आत्या मानाच्या चटईवर बसल्याशिवाय पॅसिफिकच्या तोंगा बेटांवर लग्नाच्या केकला सुरी लागत नाही. म्हणून उजाडताच दोघे भाऊ हाफेवाला जाऊन तिला घेऊन निघाले होते. मध्ये वीस मैल पाणी आणि प्रवाळाचे दातेरी खडक.

नाव वडिलांची, डिझेलचं इंजिनही त्यांच्याच काळातलं. त्याचा जुना पंप इंजिनाच्या दांड्यावरच चालायचा. इंजिन फिरलं की तोही डिझेल ओढायचा. त्याचा रबरी पडदा फाटला, तसा माकाने तो काढून टाकला आणि ऑकलंडहून आणलेला विजेचा पंप बसवला. चकचकीत, बॅटरीवर चालणारा. टिक्-टिक्-टिक्!

ती टिकटिक कितिओनेच्या डोक्यात जायची. एरवी त्याने माकाची सालटी काढली असती; पण पुढे कापडी छताखाली कलोलाइनेताई बसल्या होत्या. बहिणीच्या कानावर वावगा शब्द पडला तर भावाला तोंड दाखवायला जागा नाही. म्हणून भांडण चाललं होतं ते असं:

“धाकटे बंधू, आपला पंप वाटेत झोपला, तर आपण त्याला अंगाई म्हणणार की उठवणार?”

“दादा, आपल्या जुन्या पंपाने गेल्या महिन्यात इंजिनाच्या ऑइलमध्ये डिझेल ओतलं, हे आपण विसरलात असा माझा नम्र समज आहे.”

“नवा पडदा घातलाय मी त्याला. गाठोड्यात आहे माझ्या.”

“तिथेच शोभतो.”

ताई मान न वळवता म्हणाल्या, “माका, तो टेपरेकॉर्डर बॅटरीला जोड बाळा. आजची स्तोत्रं एकदा म्हणून बघते.”

 बॅटरी भरणाऱ्या डायनॅमोचा पट्टा सकाळीच तुटला होता! बॅटरी एक आणि ओझी दोन. पण थोरल्या बहिणीला नाही म्हणायचं? त्याने कितिओनेकडे पाहिलं. कितिओने दूरवरचा काओ डोंगर मोठ्या आवडीने न्याहाळू लागला.

“जोडतो, ताई.”

चौथ्या स्तोत्राला टेपमधल्या गाणाऱ्यांचा आवाज बसला. सहाव्याला सगळ्यांना एकदम पडसं झालं. मग टिक्... टिक्... टि... इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि गप्प!

त्या शांततेत डावीकडून लाटा फुटल्याचा आवाज आला. खडक!

ओढ तिकडेच होती. कितिओनेने नांगर टाकला. दोर संपला, तळ लागेना! खडक तीनशे हातांवर. अडीचशे.

“जुना पंप बसव!”

“अर्धा तास लागेल!”

“आणि खडकाला?”

“दहा मिनिटं!”

आता आदब सुटणार, तोच ताईंचा शांत आवाज आला. “डिझेल खाली आहे, इंजिन वर आहे, म्हणून पंप लागतो ना? मग डिझेलच वर घ्या की.”



माकाने राखीव डिझेलचा डबा खांद्यावर घेतला आणि तो केबिनवर चढला. नळी खाली इंजिनापर्यंत सोडली. कितिओनेने ती जोडून तिच्यातली हवा काढली, हँडल मारलं. फुस्स! पुन्हा मारलं. फुस्स! खडकावर बसलेले पक्षी आता मोजता येत होते.

“दादा!” माका वरून ओरडला. “पोचलो ना, तर रविवार लागायच्या आत जुना पंप मी माझ्या हाताने बसवतो! शपथ!”

तिसरं हँडल. धक्... धक्... धक्धक्धक्! नाव वळली, आणि खडकावर फुटलेल्या लाटेने माकाला डोक्यावरून न्हाऊ घातलं!

“आता डबा टेकव केबिनवर!” कितिओने म्हणाला.

“घसरतोय!”

“मग धर. हा पंप बरा आहे. बॅटरी लागत नाही, नुसती बडबड करतो.”

ताईंनी पंख्याआड तोंड लपवलं. पंखा मात्र बराच वेळ थरथरत होता.

दोन तासांनी पांगाईचा धक्का आला. माकाची मान एका बाजूला वाकलेली, ती तशीच राहिली. लग्नात त्याने सगळ्यांना तिरकंच पाहिलं: मानाच्या चटईवर बसलेल्या ताई, केकवर सुरी ठेवणारी सेलू, आणि डोळे पुसणारा, पुसत नसल्याचा आव आणणारा कितिओने.

निखाऱ्यांवरून डुकरं उतरली. उद्या रविवार, कुणी खिळासुद्धा ठोकणार नव्हतं.

“बस रे,” कितिओने हळूच म्हणाला. “पंपाचं सोमवारी बघू. आणि तो विजेचा काढू नकोस, राहू दे शेजारी. हवा काढायला बरा पडेल.”

माकाने मान हलवली, जमेल तेवढी. खरपूस पाठीचा तुकडा त्याच्या पानाकडे येत होता. त्याने सूर्याकडे पाहिलं. अजून दोन हात वर होता; रविवार लागायला अवकाश होता.

वाढप्याची पाठ वळली, तसा तो उठला, नट-बोल्टचा पाना कमरेला खोचला आणि कुणाला न सांगता धक्क्याच्या वाटेला लागला.