ढिला बेल्ट, घट्ट नट

“माझ्या गाडीला कोणीतरी हात लावलाय,” फोनवरची बाई म्हणाली, आणि तिनं गॅरेजचा पत्ता दिला.

इन्स्पेक्टरबाई गॅरेजवर पोचल्या तेव्हा ती दारातच उभी होती. पेशानं नर्स. सहा वर्षांची चिमी कडेवर. पोरगी काही कडेवर घेण्याच्या वयाची नव्हती, पण आई तिला खाली ठेवायला तयार नव्हती. शेजारी नर्सचे वडील, निवृत्त मोटार मिस्त्री, रुमालानं सारखा घाम पुसत होते.

झालं होतं ते असं. नवऱ्यापासून वेगळी होऊन नर्स वडिलांकडं राहत होती. दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली, म्हणून आज सकाळी लेकीला मागं बसवून निघाली. टेकडीच्या उतारावर वळण आलं, तिनं ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, इंजिनात काहीतरी खडखडलं आणि सगळं गप्प. ब्रेक दगड झाला, स्टिअरिंग हलेना. गाडी कठड्याला घासत घासत थांबली. कठड्यापलीकडं नुसती दरी होती.

“नवऱ्याचंच काम आहे,” नर्स म्हणाली. “पोरीला घेऊन गेलीस तर बघून घेईन म्हणाला होता. दुसरी किल्ली त्याच्याकडंच आहे. मला फार भीती वाटते हो. पुन्हा गाठेल तो.”

“पण गाडी उतारापर्यंत गेली कशी?” मिस्त्री पुटपुटले. “चिमीला लागलं नाही ना?”

“नाही हो बाबा, किती वेळा सांगू?”

गॅरेजवाल्यानं टायमिंग बेल्टवरचं कव्हर उघडून ठेवलं होतं. इन्स्पेक्टरबाईंना गाडीत पेट्रोल भरण्यापलीकडं काही कळत नसे, आणि ते लपवायच्या भानगडीत त्या कधी पडत नसत.

“पहिलीतल्या पोराला सांगता तसं सांगा,” त्या म्हणाल्या.

“खाली पिस्टन, वर व्हॉल्व्ह. दोघांना एका तालात ठेवतो तो हा बेल्ट. ताण बरोबर आहे का ते असं बघायचं.” गॅरेजवाल्यानं बेल्टची लांब बाजू चिमटीत धरून पिळली. “पाव फेरा जेमतेम वळायला हवा. हा बघा, सहज उलटा होतोय. ढिल्या बेल्टचे दात सुटले, ताल गेला, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटले. इंजिनाची पार वाट लागली.”

“आपोआप ढिला झाला असेल?”

“मागच्या आठवड्यात मीच नवा टाकला, पिळून बघूनच गाडी दिली. आणि खरी गोम पुढं आहे. ताण देणारी ही पुली. आपोआप सरकली असती तर तिचा नट सैल हवा. नट तर कडक आवळलेला. कोणीतरी तो सोडला, पुली मागं घेतली आणि पुन्हा नीट आवळला. कव्हरचे स्क्रूसुद्धा जागच्या जागी.”

“वेळ किती लागतो?”

“चाक काढा, इंजिनाला खालून टेकू द्या, मग कुठं इथवर हात पोचतो. तासाच्या वर.”

काल दिवसभर आणि रात्रभर गाडी मिस्त्रींच्या घरासमोर रस्त्यावर उभी होती. समोर दुकानातच राहणाऱ्या दुकानदारानं छातीवर हात ठेवून सांगितलं, गाडीपाशी परका माणूस फिरकलाच नाही.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. बारीक चाकं आणि दात यांत त्याचा हात बसलेला. इन्स्पेक्टरबाईंनी त्याला दुकानातच गाठून सकाळचा प्रकार सांगितला.

“गाडी बंद कशानं पडली?” त्यानं पहिलंच विचारलं. हातातलं घड्याळ त्यानं बाजूला ठेवलं.

“तुम्ही धमकी दिली होती.”

“दिली होती. रागाच्या भरात बोललो. पण त्या गाडीत माझी चिमी बसते, बाई.”

“काल दुकान सोडून कुठं गेला होता?”

“कुठंच नाही. शेजारी कोणालाही विचारा.”

विचारलं. खरं निघालं.

इन्स्पेक्टरबाई गॅरेजवर परत आल्या तर नर्स वडिलांना म्हणत होती, “उद्या तुमची जुनी गाडी घेऊन जाते. तुम्ही स्वतः तपासून द्या, बाबा. आता तुमच्याशिवाय माझा कोणावर भरवसा नाही.”

“देतो,” मिस्त्री म्हणाले. “पण थांबलीस तर बरं. बाहेर कोण टपून बसलंय, काय सांगावं?”

इन्स्पेक्टरबाई मिस्त्रींकडं वळल्या. आवाज मात्र त्यांनी साधाच ठेवला.

“मिस्त्री, बेल्टचे दात सुटले तर काय होतं?”

“काही नाही हो. गाडी जागेवर बंद. बेल्ट पुन्हा बसवला की चालू. जन्मभर हेच केलंय.”

“ते जुन्या इंजिनांत, काका,” गॅरेजवाला म्हणाला. “हिच्यात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात.”

मिस्त्री उघड्या इंजिनावर वाकले.

“मारणारा ब्रेकला हात घालतो,” इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. “इथं फक्त गाडी अडवायची होती. तासभर भर रस्त्यात चाक काढून काम चाललं, तरी दुकानदाराला परका दिसला नाही. कारण चाक काढून बसलेला माणूस त्याच्या रोजच्या बघण्यातला होता. जावयानं विचारलं, गाडी बंद कशानं पडली. तुम्ही विचारलंत, उतारापर्यंत गेली कशी. ती दारातच बंद पडणार हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं.”

नर्सनं वडिलांकडं वळून पाहिलं. मग तिचा चेहरा उतरला.

“बाबा?”

“ही काल दुपारी सामान आणायला गेली होती तेव्हा,” मिस्त्री म्हणाले. “स्टार्टर मारला की दात सुटतील असं वाटलं. नवा बेल्ट, धरून राहिला. नोकरी चार दिवस पुढं गेली असती, एवढंच. तुम्ही दोघी गेलात की त्या घरात मी भिंतींशी बोलू का? पोरी, तुझ्या केसालाही धक्का लागू दिला नसता मी.”

“आणि मी सकाळपासून त्याला शिव्या घालतेय. तुम्ही ऐकत होता.”

“धीर झाला नाही सांगायचा. माझं चुकलं. चल, घरी चल.”

त्यांनी चिमीकडं हात पुढं केले. चिमी हसून आजोबांकडं झेपावली. नर्स पटकन मागं सरली आणि इन्स्पेक्टरबाईंच्या आडोशाला जाऊन उभी राहिली.

“आम्हाला बसपर्यंत सोडायला कोणी येईल का?” वडिलांवरची नजर न हलवता तिनं विचारलं. “मला एकटीनं जायची भीती वाटते.”