बर्फातला जीवखडा

ऊन लख्ख पडलं होतं आणि आभाळात औषधालासुद्धा ढग नव्हता. अशा दिवशी कुणी मरतं यावर जोतीरामचा विश्वास बसत नव्हता. पण त्याचा अमृत असल्याच दिवशी, याच वाटेवर गेला होता. गेल्या माघात वरचा बर्फ सुटला आणि पोरगं त्याच्याखाली गडप झालं. शोधणाऱ्यांच्या हाती काही म्हणता काही लागलं नाही.

माणदेशात मेंढरांमागे उभा जन्म चाललेला हा गडी आता दर वळणावर धापा टाकत होता. पाय दुखत होते, जीव त्याहून जास्त दुखत होता. पुढे त्याचा मेव्हणा कृष्णात काठी रोवत चालला होता. मूळचा विट्याकडचा, इथे हिमाचलात त्याचं सोनं गाळायचं दुकान. अमृत त्याच्याकडेच कामाला होता.

"दाजी, बसायचं का जरा?"

"बसलो तर उठायचा न्हाई गड्या. चल."

देह नाही म्हणून घरात अजून दिवस घातले नव्हते. सून स्वप्नाली, कुंकू लावायचं की पुसायचं, या घोरात झुरत होती. अमृतची आई मंगल तर उंबरा सोडत नव्हती. शेवटी गावातल्या जाणत्यांनी तोड काढली. मेलेल्याचा जीव दहाव्यापर्यंत ज्या खड्यात राहतो, तो जीवखडा. तो तिथून उचलून आणा, त्याच्यावरच दिवस घालू. हे ऐकून मंगल म्हणाली, मी बी येती. तिचा उजवा गुडघा कधीचा कामातून गेलेला. जोतीराम तिच्यावर खेकसला आणि एकटाच निघाला.

कड्याखाली बर्फ विरघळून थोडा काळा खडक उघडा पडला होता. हीच जागा, म्हणून कृष्णातने नुसती मान हलवली. जोतीरामने मुठीत मावेल असा धोंडा उचलून छातीशी धरला.

"अमृत, चल बाबा घरला," एवढं बोलताना त्याला रडू फुटलं.

वाटेत जन्मलेलं कोकरू ठेवतात तसा त्याने तो घोंगड्याच्या खोळीत ठेवला आणि उतरायला लागला. जीवखडा उचलला की मागे वळून बघायचं नसतं.

थोडं खाली आल्यावर मागे बर्फ करकरला.

तो थांबला. करकर थांबली. चालू लागला, पुन्हा सुरू झाली.

"ऊन लागलं की बर्फ वाजतोय, दाजी," कृष्णात पुढूनच म्हणाला. त्यानेही वळून बघितलं नाही.

जोतीराम चालतच राहिला. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. पोरगं निघालं म्हणायचं, बापाच्या मागोमाग. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याचे खांदे सैल पडले.

मग बांगड्या वाजल्या. काचेच्या.

"कृष्णात, ह्या वाटंवर आनि कुनाची पोरं गेल्यात?"

"लय गेल्यात."

जोतीरामने खोळ चाचपली. कोकरू खोळीत घातलं की त्याची आई न बोलावता मागे येते, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. आणि घाईत दुसऱ्याच्या कळपातलं कोकरू उचललं, तर मागे दुसऱ्याचीच मेंढी लागते. म्हणजे धोंडा भलत्याच्याच पोराचा होता. एवढी तंगडतोड करून हेही आपलं नाही! त्याला रागही आला आणि रडूही आलं.

तो वळला.

वाटेवर कुणी नव्हतं. नुसतं पांढरं ऊन. त्याच्या बुटांच्या ठशांवर अनवाणी पावलं उमटली होती. बाईमाणसाची, लहान. उजवं पाऊल दरवेळी जरा ओढलेलं. शेवटची दोन त्याच्यापासून हातभर अंतरावर.

"घे बाई, तुझं तुला," म्हणत त्याने धोंडा बर्फावर ठेवला. "माझं मला कवा गावंल कुनास ठावं."

बांगड्या अगदी जवळ वाजल्या.

पुढची उतरण दोघांनी संपवली. खाली रेंज आली तसा फोन वाजला. स्वप्नाली होती.

"मामा, आत्या सकाळपास्नं उंबऱ्यावरच हायती. डोळं उघडं, पर बोलंनात. पाय निळंकाळं पडल्यात. डॉक्टर इचारत्यात, बर्फात कवा चालल्या हुत्या?"

जोतीरामने वळून वरच्या वाटेकडे बघितलं.

"मामा, ऐकताय न्हवं?"

"बोल."

"दुपारपास्नं त्यांची एक मूठ उघडंना झालीया. लय घट्ट आवळलीया. आतनं पानी ठिबकतंय, गारढोण."