आरतीआधी कुणी उठत नाही

मैथिलीने दारात चपला काढल्या आणि आतून येणारा कीर्तनकार बुवांचा आवाज ऐकून तिला बरं वाटलं. मिरजेतल्या एका रक्ततपासणी केंद्रात दिवसभर लोकांच्या दंडाला रबरी पट्टा आवळून शिरा शोधताना तिची बोटं आंबून गेली होती. निदान आत्या तरी रमलीय घरात, असं मनाशी म्हणत ती आत आली.

समोरच्या भिंतीवर प्रकाशाने रेखलेले बुवा उभे होते. डोक्याला फेटा, गळ्यात हार, मागे पेटीवाला आणि तबलजी. समोर खुर्चीत रजनीआत्या, हातात झांजा, मनगटावर नाडीपट्टी. बुवांनी चाल धरली की आत्याने ठेका द्यायचा. "आता या भक्ताने काय करावं, सांगा मंडळी!" असं त्यांनी विचारलं की आत्या सांगेल तसं आख्यान वळायचं. हा खेळ मैथिलीने रचलेला होता. गुडघ्यांपायी आत्याचं देवळात जाणं सुटलं, म्हणून संध्याकाळच्या खेळरचनेच्या वर्गात पहिला खेळ करायची वेळ आली तेव्हा तिने मित्रमंडळींसारखी बंदूक, मोटार काही घेतलं नाही. कीर्तन घेतलं.

"आत्या, चहा टाकू?"

"श्शू! आख्यान रंगात आलंय."

मैथिली स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याजवळच थबकली. सकाळी झाकून ठेवलेली भाकरी तशीच. आमटीवर पापुद्रा धरलेला. आत्याच्या मधुमेहाच्या गोळ्यांची डबी जागची हललेली नाही.

"आत्या! तू जेवली नाहीस?"

"जेवेन गं. आरती व्हायचीय."

"म्हणजे सकाळपासून बसलीयस?"

"मग काय करू? आरतीआधी उठतं का कुणी कीर्तनातून? तुझ्या आजोबांनी पाय मोडले असते माझे." आत्या हसली, पण तिचे ओठ सुकले होते आणि झांजांचा ठेका मधूनच घसरत होता. "बुवा गोड आहेत हो तुझे. फक्त घोळवतात फार. भक्ताची नाव किनाऱ्याला लागते म्हणावं तर पुन्हा वादळ!"

पूर्वरंग, मध्ये बुक्का आणि नामाचा गजर, मग उत्तररंग आणि शेवटी आरती, असा सगळा क्रम तिने स्वतः बांधला होता. मग आरती गेली कुठे?

तिने संगणकाची पाटी उघडली आणि सारथीला विचारलं. सारथी म्हणजे नवशिक्यांच्या हाताखाली राबणारी खेळ रचायची प्रणाली. नाडीपट्टीवरून ती खेळणाऱ्याच्या काळजाचे ठोके वाचायची, नजर कुठे रेंगाळते ते बघायची आणि रस उतरतोय असं दिसलं की चालू खेळात तिथल्या तिथे बदल करायची. पहिल्याच तासाला रणदिवे सर म्हणाले होते, "खेळाला ध्येय हवं, नियम हवेत आणि खेळणाऱ्याने काही केलं की लगेच प्रतिसाद हवा." मैथिलीने विचारलं होतं, "आणि शेवट, सर?" वर्ग हसला होता. "शेवट झाला की गिऱ्हाईक उठलं," सर म्हणाले होते. "ते सारथीवर सोड."

तिने सोडलं होतं.

सारथीचं उत्तर पाटीवर आलं: *आरती जवळ येताच खेळणाऱ्याची नाडी मंदावते, श्वास लांबतो, नजर मिटते. रस संपल्याची लक्षणं. म्हणून आरती पुढे ढकलली आहे.*

मैथिली त्या ओळींकडे बघत राहिली. आरतीच्या वेळी आत्याचे डोळे मिटतात हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं. तो कंटाळा असतो होय? पण सारथीला शांती कुणी शिकवलीच नव्हती. तिनेही नाही.

तिने आरतीला कुलूप घातलं, म्हणजे सारथीला ती हलवता येऊ नये. पाटीने सांगितलं, बदल मान्य, खेळ बंद करून पुन्हा सुरू केल्यावर लागू होईल.

"आत्या, जरा बंद करते हं."

"खबरदार!" आत्याने झांजा उगारल्या. "चालतं कीर्तन मोडायचं नसतं, मैथू. अपशकुन असतो तो."

आता काय करावं? मैथिलीला क्षणभर तिथेच फरशीवर बसून रडावंसं वाटलं. मग तिने देवघरातलं निरांजन लावलं, भिंत आणि आत्या यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि प्रकाशातल्या बुवांकडे पाठ करून, दिवसभराच्या थकलेल्या, चिरक्या आवाजात आरती म्हणू लागली. सूर चढेना, दोनदा धाप लागली. पण दुसऱ्या कडव्याला आत्याच्या झांजा बुवांना सोडून तिच्या मागे आल्या. आत्या खुर्चीचे हात धरून उठली, डोळे मिटून उभी राहिली. शेवटी तिने ज्योतीवरून तळवे फिरवून डोळ्यांना लावले.

"आता वाढ बाई," ती म्हणाली. "भोवळ येतेय."

आत्या गोळी घेऊन भाकरी कुस्करायला बसली तेव्हा मैथिलीने सरांना फोन लावला.

"अगं, मीच करणार होतो!" सरांचा आवाज उसळत होता. "तुझा खेळ मी सकाळी चाचणीसाठी खुला केला. गावोगावच्या ज्येष्ठांच्या घरी पोचलाय. काय सांगू तुला, कुणी उठतच नाहीये! खेळ विकणाऱ्या कंपनीचे लोक आकडे बघून थक्क झालेत. नोकरी पक्की समज. ते रक्तबिक्त काढणं बंद."

"सर, त्यांना खेळ आवडलाय म्हणून नाही बसलेत ते. आरतीची वाट बघतायत."

"म्हणजे?"

तिने सगळं सांगितलं.

"बंद करून टाकू?" सरांनी हळूच विचारलं.

"नको. इतक्या जणांचं कीर्तन मध्येच मोडणार? सर, शिकवणाऱ्याला खेळात शिरायची वाट असते ना? मला सगळ्यांच्या भिंतीवर एकदम येता येईल?"

"येईल. पण कंपनीवाले बघतायत, मैथिली. तुझ्या खेळात बसलेल्यांचा आकडा त्यांच्या डोळ्यांदेखत शून्यावर येईल. पुन्हा दारात उभं करणार नाहीत तुला."

मैथिलीने दुखरी बोटं कपाळावर दाबली. गळा सुकला होता. आत्याने गरम पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. एवढ्या अनोळखी घरांतले ते सुकलेले ओठ, उष्टावलेलीही नसलेली ताटं तिच्या डोळ्यांपुढे आली. आणि मग दुसरंच भय मनात शिरलं. आत्याच्या समोर ती हाडामांसाची उभी होती. तिथे तर तीही प्रकाशाचीच असणार, बुवांसारखी.

"उघडा वाट, सर," ती म्हणाली, निरांजनात तूप घातलं आणि मग फोन पुन्हा कानाशी नेला. "पण सर... आरती मी म्हटली तर उठतील ना ते?"